ढेकणाची कात आणि वर्ध्याची पेटी

माझी व्हॅन पांढरी आहे आणि तिच्यावर काहीही लिहिलेलं नाही. आमच्या कंपनीच्या बाकीच्या गाड्यांवर उंदीर, झुरळं, गांधीलमाश्या यांची ठसठशीत चित्रं आहेत. उंदरासाठी माणूस आला तर शेजाऱ्यांना फारसं काही वाटत नाही. माझी गाडी कोरी, कारण मी ढेकणांची. ढेकणांसाठी बोलावणारं गिऱ्हाईक फोनवर आधी विचारतं, "तुमच्या व्हॅनवर नाव नाहीये ना?" मग मी चार घरं सोडून गाडी लावते आणि अवजारांची पिशवी घेऊन पाहुणीसारखी बेल वाजवते. हॅरोमध्ये एका बाईंनी तर शेजारीण बघतेय म्हणून "अगं ताई, किती दिवसांनी!" करत मला दारातच मिठी मारली होती. दार लागल्यावर म्हणाल्या, "सॉरी हं. मला आता आंघोळ करावी लागेल का?"

दिवाळी अंकासाठी लिही म्हणून इथल्या मराठी मंडळाने गळ घातली, तेव्हा संपादकांनी एकच अट घातली होती: लोक चिवडा खाता खाता वाचतात, तेवढं लक्षात ठेवा. ठेवते. ज्यांना शक्य आहे त्यांनी चिवडा आधी संपवावा.

मी नागपूरची, प्राणिशास्त्राची पदवीधर. नवऱ्याच्या, म्हणजे प्रकाशच्या, नोकरीमागे इथे इंग्लंडात आले आणि हातातलं शिक्षण कुठे खपेल ते शोधत शोधत स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत पोचले. माझी आई नागपुरात शेवटपर्यंत सांगत होती की पोरगी लंडनला सायंटिस्ट आहे. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. भिंगातून बघते, नोंदी करते, निष्कर्ष लिहून देते. आईचं फार काही चुकत नव्हतं. निष्कर्ष चुकणं हाच भाग मी तिला सांगितला नव्हता.

आमच्या धंद्याचं मूळ भांडवल म्हणजे संशय. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही, स्वतःहून गावही बदलत नाही. तो कोणीतरी आणावा लागतो. त्यामुळे घरात ढेकूण सापडला की ढेकणाआधी माणूस शोधला जातो. नवरा बायकोच्या माहेरकडे बघतो, बायको नवऱ्याच्या हॉटेलांच्या फेऱ्यांकडे, दोघं मिळून भाडेकरूकडे, भाडेकरू घरमालकाकडे. एक गृहस्थ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले होते, "ढेकणावरून कळतं का हो, तो कुठल्या घरचा आहे ते?" त्यांचा रोख भावजयीवर होता. मी म्हटलं, त्याच्याकडे पासपोर्ट नसतो.

आणि मी स्वतः तर संशयाची पेटंटधारक. हॉटेलात शिरले की आधी गादीचा कोपरा उचलते. दुसऱ्याच्या घरी सोफा असला तरी लाकडी खुर्ची शोधते. सासूबाई पहिल्यांदा नागपूरहून आल्या, तेव्हा त्यांच्या नऊवारी मी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्या होत्या, मटारांच्या शेजारी. त्या बिचाऱ्या चार दिवस माझ्या गाऊनवर वावरल्या. माझी लेक इथेच वाढलेली, तिचं मराठी स्वतःच्या व्याकरणावर चालतं. ती आजीला समजावत होती, "आजी, तुझा साडी थंड होऊन येईल मग छान वाटेल." सासूबाईंनी पुढची सात वर्षं ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगितली. मी सगळ्यांवर संशय घेतला. एक वस्तू सोडून.

ती वस्तू म्हणजे पाळणा. माझे वडील नागपूरला सुतारकाम करायचे. लेकीच्या वेळी त्यांनी सागवानी पाळणा केला, सुटा करून गोणपाटात बांधला आणि इकडे येणाऱ्या एका नातेवाइकाच्या सामानात घातला. लेक त्यातून उतरली आणि पाळणा आमच्या ओळखीतल्या घरांत फिरू लागला. नामकरण असलं की आदल्या दिवशी मी तो पोचवायचा, त्रिशरण-पंचशील झालं की बाळाला त्यात घालायचं, बायकांनी पाळणा म्हणायचा, आणि बाळ मोठं झालं की पाळणा आमच्या लॉफ्टमध्ये परत. एक रीत आपोआप पडली. पाळण्याच्या तळाशी एक फळी आहे, तिच्यावर प्रत्येक घराने बाळाचं नाव आणि तारीख पेन्सिलने लिहायची. हॅरो, स्लाऊ, साउथहॅम्प्टन. पंचवीस नावं झाली होती. व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणी गोड बातमी दिली की अभिनंदनाच्या आधी माझा मेसेज जायचा, "पाळणा आहे हं."

सव्विसावं नाव रोहित आणि अश्विनीच्या मुलीचं. दोघंही सॉफ्टवेअरमधली, स्लाऊमध्ये दोन बेडरूमचं भाड्याचं घर. रोहितच्या आई, म्हणजे काकू, पुण्याहून बाळंतपणाच्या आधीच आल्या होत्या. अश्विनीच्या आईचा, सुलोचनाबाईंचा, व्हिसा अडकला. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आई वर्ध्यातच राहिली. नामकरण तिने फोनच्या पडद्यावर पाहिलं. आम्ही पाळणा म्हणत होतो आणि कोणीतरी फोन उभा धरला होता. एका कडव्यात त्यांचाही आवाज मागून, अर्धा सेकंद उशिरा, येत होता.

त्यानंतर जवळजवळ सहा आठवड्यांनी रोहितचा फोन. "ताई, प्रोफेशनली बोलतोय. व्हॅनवर..."

"नाव नाही," मी म्हटलं. "येते."

त्या घरात गेले तेव्हा खटला आधीच चालून निकाल लागलेला होता. सुलोचनाबाईंना येऊन दहा दिवस झाले होते. त्या छोट्या खोलीत झोपायच्या आणि दोन्ही हातांवर त्यांना मोठमोठ्या गांधी उठल्या होत्या. काकूंच्या अंगावर एक ठिपका नव्हता. इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते. ढेकूण सगळ्यांनाच चावतो, पण गांधी सगळ्यांना उठत नाहीत. काहींच्या अंगावर खूणही उमटत नाही, ती माणसं "आम्हाला नाही बाई चावत" म्हणत निर्धास्त असतात. ज्याच्या अंगावर खुणा, त्याच्यावर आळ. हे मला माहीत होतं. तरी मी काय केलं ते ऐका.

काकूंनी मला जिन्यातच गाठलं. "मी कुणाला बोलत नाही हो. पण तीन महिने झाले मला इथे, काही नव्हतं. ह्या आल्या आणि दहा दिवसांत हे. त्यांची पेटी बघा एकदा, काय ते कळेल."

सुलोचनाबाई खाली स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मला बघून उठल्या. "जय भीम जी. नागपूरच्या ना तुम्ही? अश्विनी सांगत होती." आपल्याकडचं माणूस आलं म्हणून त्यांचा चेहरा किती उघडला होता, ते मला आजही आठवतं. मी जय भीम केला आणि विचारलं, "तुमची पेटी कुठे आहे?"

पेटी तपासली, काही सापडलं नाही. मोठ्या बेडरूममध्ये पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे मात्र सापडलं, चार-पाच जिवंत आणि बरीच कात. मी फवारलं, वाफ मारली, आणि कागदावर लिहिलं: "बहुधा प्रवासाच्या सामानातून आलेले." फवारण्याआधी बाळ पाळण्यात झोपलेलं होतं, त्याला उचलून खाली नेलं तेवढंच. पाळण्याला मी हातही लावला नाही. उलट काकूंना त्याची गोष्ट सांगितली, माझे वडील, सागवान, पंचवीस बाळं. अर्धा कप चहा मी त्या पाळण्याला टेकून उभी राहून प्यायले.

दोन आठवड्यांनी दुसरी फेरी असते. त्याचं कारण ढेकणाच्या आयुष्यात आहे. मादी रोज दोन-चार अंडी घालते, रव्याच्या कणाएवढी, पांढरी, फटीत चिकटवलेली. औषध अंड्याला भेदत नाही. आठ-दहा दिवसांनी त्यातून पिल्लू निघतं, इतकं फिकट की पांढऱ्या चादरीवर दिसत नाही. ते एकदा पोटभर रक्त पितं आणि कात टाकतं. थोडं मोठं होतं, पुन्हा पितं, पुन्हा कात टाकतं. असं पाच वेळा. पाचव्या कातीनंतर तो मसुराच्या डाळीएवढा, तांबूस, लग्नाला तयार. इथल्या हीटिंग लावलेल्या घरात अंड्यापासून तिथपर्यंत सहा-सात आठवडे लागतात. म्हणजे फटीतली कात हे त्यांचं कॅलेंडर असतं. नुसतीच बारीक कात असेल तर मंडळी नवी आहेत. बारकी, मधली, मोठी, अशा सगळ्या मापांच्या काती ढिगाने एकाच जागी असतील, तर त्या घरात पिढी उभी राहून गेलेली असते. हे मी नव्या पोरांना शिकवते. कात मोजा, मग बोला, असं फळ्यावर लिहिते.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा सुलोचनाबाईंची पेटी घरात नव्हती. काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत गुंडाळून ती बागेतल्या शेडमध्ये ठेवलेली होती, गवत कापायच्या मशीनशेजारी. नातीसाठी त्यांनी वर्ध्यात स्वतःच्या सुती साड्यांची गोधडी शिवून आणली होती, तीही पेटीतच. बाळाजवळ त्यांनी जायचं तर आधी कपडे बदलून जायचं, असा नियम झाला होता. नियम कोणी केला असं कोणी म्हणत नव्हतं. माझा कागद फ्रिजवर चुंबकाने लावलेला होता.

अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "ताई, आई रविवारी परत चाललीय. तिकीट बदलून घेतलं. सहा महिन्यांसाठी आली होती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी रोहितला म्हटलं होतं, मला आधीपासून खाजतंय. तो म्हणाला, एक्सपर्टने लिहून दिलंय ना."

सुलोचनाबाई भाकरी थापत होत्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "एवढ्यात काऊन चालल्या?" नागपूरची भाषा अशा वेळी कामाला येईल असं मला वाटलं.

त्यांनी परातीतून मान वर केली नाही. "काऊन म्हणजे? तुम्हीच त लिहून देल्लं."

"मी 'बहुधा' लिहिलं होतं."

"मले इंग्रजी येत नाही जी. बहुधा कुठं लिहिलं ते जावयानं वाचून नाही दाखवलं." भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात पुसले, फोन काढला आणि बोटाने बराच वेळ वर सरकवत राहिल्या. "हे पाहा. पोरीनं पाठवला होता फोटो, खोबऱ्याचं तेल लावू काय म्हणून. मी तवा वर्ध्यालेच होते. व्हिसाच नव्हता आला."

फोटोत बाळाचा दंड होता. त्यावर तीन गांधी, एका रेषेत. खाली तारीख होती, सुलोचनाबाई विमानात बसल्या त्याच्या अठरा दिवस आधीची.

"हा तुम्ही दाखवला का नाही कोणाला?"

"विहीणबाईसमोर फोटो काढून भांडू? मी जाईन, पोरीले इथंच राहायचं आहे." मग तवा बघत म्हणाल्या, "अन् तुम्ही आल्यावर मले विचारलं काय काही? पेटी विचारली."

मी वर गेले. बाळाला अश्विनीकडे दिलं आणि पहिल्यांदा त्या घरात नीट बघायला सुरुवात केली. पलंगामागची कात, जी मागच्या खेपेस मी ब्रशने नुसती खाली झटकली होती, ती या वेळी पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगाखाली मापाप्रमाणे लावली. पाचही मापं होती. दहा दिवसांचं हे काम नव्हतं. पलंगापासून मी जमिनीलगत सरकत गेले आणि जिकडे काळे ठिपके दाट होत होते तिकडे पोचले, तर समोर पाळणा.

मी तो उलटा केला. नावांची फळी आणि कडेची पट्टी यांच्यामधल्या फटीत टॉर्च धरला. माझ्या वडिलांनी ते सांधे खिळ्याशिवाय, एकमेकांत बसवून केलेले आहेत. ढेकणाला याहून चांगलं घर कोणी बांधून देणार नाही. काती, अंडी, अंड्यांची रिकामी टरफलं, जिवंत मंडळी, सगळं गोत्र होतं तिथे. पंचविसाव्या आणि सव्विसाव्या नावाभोवती काळे ठिपके पडले होते, पेन्सिल टेकवून ठेवल्यासारखे. सव्विसाव्या नावापुढची तारीख मी वाचली. नामकरणाचा दिवस. मघाशी कागदावर मांडलेल्या कातींचं कॅलेंडर बरोबर तिथे येऊन टेकत होतं.

माझ्या डोक्यात पहिलं काय आलं सांगू? साउथहॅम्प्टन. पंचविसावं नाव तिथलं. त्या घराने पाळणा परत करताना म्हटलं होतं, बाळाला इथे सारखं हीट रॅश होतं. मी व्हॅनमध्ये जाऊन बसले आणि त्यांचा नंबर काढला. तो लावण्याआधी प्रकाशला लावला.

"आपला पाळणा," मी म्हटलं.

त्याने विचारलं, "म्हणजे आपल्या लॉफ्टमध्ये?"

"आठ महिने होता. थंडीत महिनोन्महिने उपाशी तग धरतात ते. गरम घर मिळालं की उठतात."

"मी वर जाऊन बघतो."

"तुला काय दिसणार आहे?"

"अगं, मी तेवीस वर्षं तुझ्यासोबत राहतोय." थोड्या वेळाने त्याचा फोन परत आला. घर स्वच्छ होतं. पाळणा ज्या खोक्यात असायचा त्याच्या तळाशी मात्र दोन काती होत्या. त्याने त्या पांढऱ्या कागदावर ठेवून फोटोसुद्धा काढला होता, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग म्हणाला, "साउथहॅम्प्टनवाल्यांना सांगणार आहेस?"

"सांगावं लागेल. त्यांच्याही घरात असतील."

"कसं सांगणार?"

तिथे मी अडले. कारण मनात जे वाक्य तयार होतं ते काकूंचंच होतं: तुमच्याकडून आलं. त्यांच्याकडे तरी कुठून आलं असेल? चोविसावं नाव हॅरोचं होतं. अशी मी पहिल्या नावापर्यंत, म्हणजे माझ्या लेकीपर्यंत, प्रत्येकावर संशय घेत जाऊ शकले असते. एवढं मात्र नक्की होतं की आठ महिने तो माझ्या छताखाली होता आणि नामकरणाच्या आदल्या दिवशी मीच तो पुसून, लखलखीत करून, त्या घरात नेऊन ठेवला होता. सासूबाईंच्या साड्या फ्रीझरमध्ये घालणाऱ्या बाईने वडिलांच्या पाळण्याची एक फट तपासली नव्हती.

आणि हेही लिहिते, कारण आता लपवून काय करायचं. पाच मिनिटं मी असाही विचार केला की पाळण्याला गुपचूप वाफ मारावी, "दुसऱ्या फेरीत सगळं साफ झालं" म्हणावं आणि निघावं. कोणाला कळलं नसतं. रविवारी विमान होतं.

मी परत घरात गेले. रोहितला वरून बोलावलं, काकूंना बसवलं. पाळणा सुटा करून, प्लास्टिकमध्ये बांधून खाली आणला आणि त्यातली एक पट्टी काचेच्या डबीत घालून टेबलावर ठेवली. म्हटलं, "हे माझ्या घरून आलं. नामकरणाच्या आदल्या दिवशी. सुलोचनाबाई तेव्हा वर्ध्यात होत्या. मी पहिल्या वेळी न बघता लिहिलं."

काकू डबीकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या हातांकडे, उलटसुलट करून. "पण मला तर चावले नाहीत."

"चावले असतील. तुम्हाला दिसत नाही एवढंच."

काकू उठून आंघोळीला गेल्या. खरंच गेल्या.

रोहित म्हणाला, "सॉरी, आई." तो अश्विनीच्या आईला त्या दिवसापर्यंत 'तुझ्या आई' म्हणायचा.

सुलोचनाबाईंनी मान हलवली, पण बघत होत्या माझ्याकडे. "कागद?"

मी नवीन कागद लिहिला. स्रोत: तंत्रज्ञाच्या स्वतःच्या घरचा लाकडी पाळणा. खाली सही. "वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. मी मराठीत वाचला. "बहुधा नाही लिहिलं?" "नाही लिहिलं." त्यांनी तो घडी करून पासपोर्टात ठेवला आणि जुना फ्रिजवरून काढून माझ्या हातात दिला. "आता पेटी आणा. तुमच्याच हातानं आणा."

बाहेर बारीक भुरभुर चालू होती. शेडमधून पेटी मी उचलून आणली आणि सगळ्यांसमोर उघडली. एकेक कपडा काढायचा, टॉर्चने शिवणी बघायच्या आणि "स्वच्छ" म्हणायचं, असं मी तासभर केलं. दोन लुगडी, स्वच्छ. स्वेटर, स्वच्छ. तिखटाची पुडी, तीही त्यांनी तपासायला लावली. शेवटी गोधडी निघाली. तिची मी प्रत्येक टाक्याची ओळ बघितली. सुलोचनाबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या, नवऱ्या मुलीची साडी बघावी तशा. "स्वच्छ," मी म्हटलं. अश्विनीने माझ्या हातून ती घेतली, ढेकूण मारणाऱ्या गरम टंबल ड्रायरमध्येही न घालता, आणि बाळाला तिच्यात गुंडाळून आईच्या मांडीवर दिलं. एरवी मी तिला ओरडले असते.

रविवारचं विमान सुलोचनाबाईंना न घेता गेलं.

साउथहॅम्प्टनला मी फोन केला आणि सुरुवात "माझ्या पाळण्यामुळे" अशी केली. त्यांच्याकडे होतेच. दोन रविवार जाऊन मी ते घर साफ करून दिलं. ग्रुपवरही सगळं लिहिलं. खाली एक अंगठा आला, मग कोणीतरी बिर्याणीचा फोटो टाकला. पाळणा मी सांध्या-सांध्यांतून वाफवला, दोन महिने बंद ठेवून पुन्हा तपासला. आज तो या देशातला सर्वांत निर्जंतुक पाळणा असेल. पण त्यानंतर ग्रुपवर तीन बाळांच्या बातम्या आल्या आणि पाळणा कोणी मागितला नाही. मीही "पाळणा आहे हं" लिहिलं नाही. सत्ताविसावी जागा रिकामी आहे. वडील असते तर हे त्यांना कसं सांगितलं असतं, याचा मी अधूनमधून विचार करते.

चार महिन्यांनी अश्विनीने चहाला बोलावलं. कामाला नव्हे, चहाला. मी व्हॅन सरळ त्यांच्या दारासमोर लावली. काकू पुण्याला परतल्या होत्या. दार सुलोचनाबाईंनी उघडलं, कडेवर नात. मी नेहमीची अवजारांची पिशवी सवयीने खांद्याला लावूनच आले होते.

"जय भीम जी," त्या म्हणाल्या आणि दारातून हलल्या नाहीत. पिशवीकडे बघत होत्या. "ते बाहेरच ठेवा."

मी पिशवी पायरीवर ठेवली.

"कोट?"

कोट काढून पिशवीवर ठेवला. मग त्यांनी वाट दिली. बैठकीत नवा, मऊ, निळा सोफा आला होता. मी त्याच्याकडे वळणार एवढ्यात स्वयंपाकघरातून प्लास्टिकची पांढरी खुर्ची आली.

"इथं बसा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "हिले फटी नाहीत."

मी बसले. अगदी बरोबर बसवलं होतं. मीही असंच केलं असतं.